अडखळलेली सुई : ‘ब्रायटन रॉक’ – कादंबरी आणि बोलपट



‘अमुक पुस्तक वाचले आहे काय?’ असे वर्गात विचारले की, ‘वाचले नाही, पण सिनेमा पाहिला आहे,’ असे उत्तर हमखास येते. उत्तर देणाऱ्याच्या आवाजात संकोचाचा लवलेशही नसतो. पुस्तक आणि त्यावरून निघालेला बोलपट ही एकाच मालाची दोन पुडकी. एक सोडावयास आठ दिवस लागतात, दुसरे दोन तासांत सुटते, एवढाच काय तो फरक, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावे म्हणून यंदा आम्ही वरच्या वर्गातील मुलांपुढे एक उदाहरण ठेवले. ते म्हणजे ग्रॅहम ग्रीन या इंग्रज लेखकाची ‘ब्रायटन रॉक’ ही १९३८ सालची कादंबरी आणि तिच्यावरून १९४७ साली निघालेला त्याच नावाचा बोलपट.

आम्ही कथा सांगितली, काही प्रसंग मराठीतून समजावून दिले आणि बोलपटाचा शेवट पडद्यावर दाखविला. तास संपल्याची घंटा झाली, तरी मुले जागची हलेनात. अर्धा वर्ग म्हणे, बोलपटाचा शेवट चांगला; अर्धा म्हणे, तो खोटा. त्या वादाचा निवाडा त्या दिवशी आम्हांस करता आला नाही. तो करण्याचा हा प्रयत्न आहे.

नावाचा अर्थ

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शहर. लंडनहून आगगाडीने सुमारे तासाभराचा प्रवास. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी लंडनकरांची तेथे रीघ लागते. समुद्रात दूरवर शिरलेले, खांबांवर उभारलेले करमणुकीचे धक्के हे तेथील वैशिष्ट्य. त्यांपैकी ‘पॅलेस पिअर’ हा धक्का १८९९ साली खुला झाला. या गावी साखरेच्या पाकाची एक कडक कांडी विकत मिळते. तिला ‘रॉक’ म्हणतात. आपण जत्रेहून परतताना घरच्या मुलांसाठी खाजे आणतो, तशी ही कांडी ब्रायटनहून घरोघर जाते. तिची गंमत अशी की, गावाचे नाव रंगीत साखरेने तिच्या आत आरपार घातलेले असते. कांडी कोठेही मोडा, कितीही चावत जा, नाव तेच दिसते. कादंबरीतील आयडा अर्नोल्ड नावाची बाई मनुष्यस्वभावास याच कांडीची उपमा देते. माणूस वरून जसा, तसाच शेवटपर्यंत. तो बदलावयाचा नाही, असे तिचे म्हणणे. माणूस खरोखरच असा असतो काय? कादंबरीचा मूळ प्रश्न हाच, आणि तो तिच्या नावातच दडलेला आहे.

लेखक

ग्रीन १९०४ साली जन्मला आणि १९९१ साली वारला. १९२६ साली त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, आणि पाप, क्षमा व ईश्वरी दया हे विषय त्याच्या लेखणीस कायमचे चिकटले. आपल्या रहस्यप्रधान पुस्तकांना तो ‘मनोरंजने’ म्हणे आणि गंभीर कादंबऱ्यांपासून ती वेगळी काढी. ‘ब्रायटन रॉक’ ही पहिल्या वर्गातली म्हणून सुरू होते आणि वाचता वाचता दुसऱ्या वर्गात जाऊन बसते. १९३५ ते १९४० या काळात तो ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकात चित्रपटांची परीक्षणे लिहीत असे. तेव्हा पडद्याचे बळ आणि पडद्याची दुर्बलता ही दोन्ही त्यास ठाऊक होती.

हा लेखक आपणांस अगदीच परका नव्हे. आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही पहिली कादंबरी १९३५ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाली, ती ग्रीनच्या खटपटीने. १९६३ च्या अखेरीस तो आमच्या गोव्यातही येऊन गेला आणि त्यावर त्याने लेख लिहिला. गोव्याच्या विदुषी मारिया अवरोरा कोतो यांनी १९८८ साली त्याच्या कादंबऱ्यांवर इंग्रजीत एक अभ्यासपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला.

कथानक

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडात घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर गुंडांच्या टोळ्यांचा सुळसुळाट होता. पैज घेणाऱ्यांकडून हप्ते उकळावयाचे आणि जो देणार नाही त्याच्या तोंडावर वस्तरा फिरवावयाचा, हा त्यांचा धंदा. अशाच एका लहानशा टोळीचा म्होरक्या पिंकी हा अवघा सतरा वर्षांचा पोर. तो दारूस शिवत नाही, कोणावर माया करीत नाही आणि कोणाची माया त्यास सहन होत नाही.

हेल नावाचा एक माणूस वृत्तपत्राच्या जाहिरातीसाठी ब्रायटनला येतो. ‘कॉली किबर’ असे खोटे नाव घेऊन गावात ठिकठिकाणी कार्डे ठेवावयाची. कार्ड सापडेल त्यास बक्षीस, आणि हातात ते वृत्तपत्र घेऊन त्यास ओळखील त्यास मोठे बक्षीस, असे त्याचे काम. ही कल्पना ग्रीनच्या डोक्यातून निघालेली नव्हे. १९२७ साली ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ या पत्राने ‘लॉबी लड’ या नावाने असाच एक माणूस खरोखरीच गावोगाव फिरविला होता. टोळीच्या पूर्वीच्या म्होरक्याच्या मृत्यूस हेल कारणीभूत झाला, असा पिंकीचा समज आहे. जो माणूस ओळखला जावा म्हणूनच गर्दीत हिंडतो, त्याच्याच पाठीस मारेकरी लागतात. हजारो माणसांच्या गर्दीत तो एकटा पडतो आणि मारला जातो. मृत्यू हृदयविकाराने झाला, असा निर्णय होतो. प्रकरण मिटल्यासारखे दिसते.

परंतु हेल अजून जिवंत आहे असे भासविण्यासाठी त्याची कार्डे टोळीतील एकाने पुढेही ठेवीत नेलेली असतात. त्यांतील एक कार्ड एका उपाहारगृहात मेजावरच्या कापडाखाली ठेवलेले असते. आणि तेथे वाढण्याचे काम करणाऱ्या रोझ या सोळा वर्षांच्या मुलीच्या ध्यानात आहे की, कार्ड ठेवणारा माणूस छायाचित्रातला हेल नव्हता. एवढ्या एका आठवणीवर फाशीचा दोर लोंबतो आहे. तिचे तोंड बंद करण्याचा उपाय म्हणून पिंकी तिच्याशी लग्न करतो, कारण पत्नीची साक्ष पतीविरुद्ध घेता येत नाही असा त्याचा हिशेब आहे. रोझ मात्र त्याच्यावर मनापासून प्रेम करते. तो खुनी आहे हे कळल्यावरही तिचे प्रेम हटत नाही.

दोघेही एकाच पंथाची. आमच्या गोव्यात शेजारच्या ख्रिस्ती घरांतून ‘कुमसार’ हा शब्द आपण ऐकतो. पाद्रीजवळ आपली पापे कबूल करून क्षमा मागावयाची, हा तो विधी. चर्चमध्ये न जाता केवळ सरकारी कचेरीत लग्न लावणे हे या दोघांच्या दृष्टीने महापाप आहे, आणि ते जाणूनबुजून दोघे ते करतात. पिंकीचा नरकावर ठाम विश्वास आहे, स्वर्गाविषयी मात्र तो साशंक आहे. रोझ तर त्याच्यासोबत नरकातही जावयास तयार आहे.

इकडे हेलची क्षणभराची ओळख झालेली ती आयडा अर्नोल्ड खुन्याचा माग काढू लागते. ती खुशालचेंडू, देवाधर्माची विशेष पर्वा नसलेली बाई. पण न्याय झाला पाहिजे, एवढे तिला पक्के ठाऊक आहे. आयडा ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ ही भाषा बोलते, तर रोझ व पिंकी ‘पुण्य’ आणि ‘पाप’ ही. शब्द जवळचे वाटतात, परंतु त्यांच्यामधून एक दरी गेलेली आहे. आयडाचे सर्व म्हणणे बरोबर असूनही आपले मन रोझकडे ओढ घेते, हे या कादंबरीचे सामर्थ्य होय.

शब्दांतून पडद्यावर

बोलपट जॉन बोल्टिंग याने दिग्दर्शित केला व त्याचा जुळा भाऊ रॉय याने निर्मिला. पटकथा स्वतः ग्रीन आणि प्रसिद्ध नाटककार टेरेन्स रॅटिगन यांच्या नावावर आहे. कादंबरीचे सात भाग सुमारे दीड तासात बसवावयाचे म्हणजे काटछाट आलीच. पण केवळ काटछाट केल्याने पुस्तकाचा बोलपट होत नाही. त्यास दुसरी भाषा शोधावी लागते. तिची दोन उदाहरणे पाहा.

हेलचा मृत्यू कादंबरीत आपल्या डोळ्यांसमोर घडत नाही. बोलपटात तो धक्क्यावरील ‘भुताच्या गाडीत’ घडतो. काळोखात लोक गमतीने किंचाळत आहेत, आणि त्याच किंकाळ्यांत एक किंकाळी खरी आहे. करमणूक आणि मृत्यू हातात हात घालून बसलेली येथे एकाच चित्रात दिसतात.

दुसरे उदाहरण पिंकीच्या मनाचे. कादंबरीकार त्या मनात सरळ शिरून त्यातील भीती व तिरस्कार पानेच्या पाने वर्णू शकतो. कॅमेऱ्यास ते दार बंद आहे. म्हणून नट पिंकीच्या हातात एक दोरा देतो. बोटांत अडकवून जाळे विणावयाचे, सोडवावयाचे, पुन्हा विणावयाचे. चेहरा थंड, पण बोटांना क्षणाची उसंत नाही. जे वर्णनाने साधावयाचे, ते त्या दोऱ्याने साधले आहे.

हा नट म्हणजे रिचर्ड ॲटनबरो (१९२३–२०१४). याच गृहस्थाने पुढे १९८२ साली ‘गांधी’ हा बोलपट दिग्दर्शित केला. आपल्या रोहिणी हट्टंगडी त्यात कस्तुरबा झाल्या, आणि त्याच्या वेषभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हिंसेचा तो थंड चेहरा पडद्यावर दाखविणाऱ्या माणसानेच अहिंसेच्या पुजाऱ्याचे चरित्र जगापुढे ठेवावे, हाही एक योग होय. साखरेच्या कांडीची उपमा माणसास सरसकट लागू पडत नाही, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

दोन शेवट

आता वादाचा मुद्दा. लग्नाच्या दिवशी ही दोघे धक्क्यावर हिंडत असता, पैसे टाकून आपला आवाज तबकडीवर उमटवून घेण्याची एक खोली त्यांना दिसते. पिंकीच्या आवाजाची तबकडी आठवण म्हणून आपल्याजवळ असावी, असा हट्ट रोझ धरते. तो आत जातो. ती बाहेर उभी राहून काचेतून कौतुकाने पाहते. आतला शब्द तिला ऐकू येत नाही. तिला वाटते, तो प्रेमाचे चार शब्द बोलत असावा. प्रत्यक्षात तो तबकडीवर तिच्याविषयीची किळस व द्वेष ओततो. तबकडी वाजविण्याचे यंत्र जवळ नसल्यामुळे ती तिला जिवापाड जपून ठेवते.

एखादी गोष्ट वाचकास ठाऊक आहे, पण पात्रास नाही, अशा योजनेस ‘नाट्यात्म उपरोध’ म्हणतात. त्याचे याहून निर्दय उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढे रोझला नाहीसे करण्याचा पिंकीचा डाव फसतो. पोलीस येऊन ठेपतात आणि त्याचाच अंत होतो. कादंबरीत तो गावाबाहेरील समुद्रकड्यावरून पडतो, बोलपटात धक्क्यावरून. मागे रोझ उरते.

कादंबरीत ती एका वृद्ध पाद्रीकडे जाते. तिला क्षमा नको आहे. आपणही पिंकीबरोबर का गेलो नाही, याचेच तिला दुःख आहे. तो थकलेला म्हातारा तिला दरडावीत नाही. ईश्वराची दया माणसाच्या बुद्धीने मोजता येत नाही. आणि त्या मुलाचे तुझ्यावर प्रेम असेल, तर त्याच्या ठायी काही चांगले होतेच, अशा आशयाचे तो बोलतो. रोझच्या मनात आशेचा अंकुर फुटतो. त्याने माझ्यावर प्रेम केले याचा पुरावा आपल्यापाशी आहे, असे तिला वाटते. आणि ती तबकडी ऐकावयास घराकडे चालू लागते. कादंबरी तेथेच संपते. ती काय ऐकणार, हे वाचकास ठाऊक आहे. वाचक तिला हाक मारू शकत नाही.

बोलपटात पाद्रीच्या जागी एक जोगीण आहे. तिच्यासमोरच रोझ तबकडी लावते. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे,’ हे शब्द ऐकू येतात. पण ते, ‘तुला मी असे म्हणावे असे वाटते ना?’ अशा कुत्सित वाक्याचा तुकडा आहेत. तेवढ्यात सुई तबकडीवरच्या चरीत अडखळते. तेच शब्द पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पुढचा द्वेष बाहेर येतच नाही. रोझच्या मुखावर समाधान पसरते आणि कॅमेरा भिंतीवरील क्रुसाकडे वळतो.

हा शेवट म्हणजे केवळ प्रेक्षकांस खूष करण्याची तडजोड, अशी टीका झाली. ग्रीनने मात्र पुढे त्याचे समर्थनच केले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की, ज्यास सुखान्त हवा त्यास तो मिळाल्यासारखे वाटेल. पण विचारी प्रेक्षक ओळखील की, पुढच्या वेळी रोझ सुई थोडी पुढे सरकवील आणि सारे ऐकेल.

आमचा एक अनुभव

वर्गातील वाद ऐकताना आमच्या मनात एक जुनी गोष्ट सलत होती. ती सांगितल्यावाचून या लेखास पुढे जाता येत नाही.

आमच्या लहानपणी शेजारी एक वृद्ध विधवा राहत असे. आम्ही तिला आजी म्हणत असू. तिचा एकुलता मुलगा मुंबईस नोकरीला होता. आमचे बोलणे कोकणीत, पण पत्रव्यवहार मराठीत, अशी घरोघरची रीत होती. आजीस अक्षरओळख नव्हती. म्हणून मुलाचे पत्र आले की ती आमच्याकडे येई आणि आम्ही ते वाचून दाखवीत असू. एकदा चवथीच्या तोंडावर पत्र आले. त्यात मुलाने लिहिले होते की, आपण येणार नाही, यापुढे बोलावणी धाडू नयेत, घराशी आपला संबंध उरलेला नाही. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होतो. तो मजकूर आमच्या तोंडून निघेना. आम्ही तो गिळला आणि ‘रजा मिळत नाही, पुढच्या चवथीस नक्की येईन,’ असे आपल्या पदरचे वाचले. आजी म्हणाली, “बाबा, आनीक एक फावट वाच.” आम्ही पुन्हा वाचले. दुसऱ्या खेपेस ते खोटे अधिक सफाईने निघाले.

चवथ झाली. तालुक्याच्या गावी शिकणारा दुसरा एक मुलगा सुट्टीत घरी आला होता. आजीने तेच पत्र त्याच्याकडूनही वाचून घेतले. मुलाचे शब्द तिला पुन्हा एकदा ऐकावयाचे होते, इतकेच. त्यानंतर तिने आम्हांस कधी बोल लावला नाही. पण पुढचे पत्र आले तेव्हा ते हातात धरून ती आमच्या दारावरून तशीच पुढे गेली. तिची ती पाठमोरी मूर्ती आजही आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

निवाडा

आता वर्गातील दोन्ही पक्षांस आमचे उत्तर असे. बोलपटाचा शेवट खोटा नाही. आम्ही पत्रात नसलेले शब्द वाचले. सुईने तबकडीवर असलेलेच शब्द ऐकविले, फक्त अर्धे. शिवाय बोलपटाने प्रेक्षकापासून काहीच लपविलेले नाही. खोलीत पिंकी काय बोलला, ते आपण आपल्या कानांनी ऐकलेले असते. शेवटी क्रूस पाहून डोळे पुसताना जो प्रेक्षक ते विसरतो, त्याच्यापुरता शेवट सुखाचा होतो. कादंबरीकार शेवटच्या ओळीपर्यंत आपणांस विसरू देत नाही, बोलपट मात्र आठवण ठेवण्याचे काम आपल्यावर सोपवितो. पुस्तक आणि बोलपट यांतील खरा फरक हा आहे. ‘सिनेमा पाहिला आहे’ असे सांगणाऱ्याने आपण तो आठवणीसह पाहिला काय, हे स्वतःस विचारावे.

परंतु तो शेवट चांगला, असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. अडखळलेल्या सुईने दिलेले समाधान पुढच्या खेपेपर्यंतच टिकते. ते सत्य रोझला आज ना उद्या ऐकावेच लागणार. प्रश्न एवढाच की, ते ऐकताना तिच्याजवळ कोणी असेल काय? कादंबरीतील त्या वृद्ध पाद्रीस तबकडीची वार्ताही नाही. तरी ईश्वराच्या दयेविषयी तो जे बोलला, ते तबकडी वाजून गेल्यावरही खोटे ठरणार नाही. तो तिला असे काही देतो की, जे पिंकीच्या शब्दांवर अवलंबून नाही. आम्हांसही त्या दिवशी पत्र खरे वाचावयाचे होते आणि वाचून झाल्यावर आजीच्या ओसरीवर तिच्याजवळ बसून राहावयाचे होते. आम्ही पहिले टाळले, त्यामुळे दुसऱ्याचा अधिकारही गमावला. ते शब्द शेवटी तिच्या कानी पडले, तेव्हा आम्ही तिच्याजवळ नव्हतो.

मुलांनो, दुसऱ्याचे पत्र वाचून दाखविण्याचे प्रसंग आता फारसे येत नाहीत. पण कोणास काही सांगावयाचे आणि काही गिळावयाचे, असे प्रसंग तुमच्याही वाट्याला येतील. तेव्हा ही सुई आठवा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आयडा आणि रोझ या दोघींपैकी तुम्हांस कोण अधिक जवळची वाटते? कारणे द्या.

२. ‘श्यामची आई’ हे पुस्तक वाचा व आचार्य अत्रे यांचा त्यावरील १९५३ सालचा बोलपट पाहा. पुस्तकातील एखादी मनातली गोष्ट पडद्यावर कशाच्या साहाय्याने दाखविली आहे, ते शोधून काढा.

३. रोझने सुई पुढे सरकविली, असे समजून पुढचा प्रसंग आपल्या शब्दांत लिहा. तिच्याजवळ त्या वेळी कोण असावे, हे आधी ठरवा.